आज लाल दिसल्याशिवाय

४ एप्रिल

आणि ते 'प्लास्टिक, प्लास्टिक' म्हणणं आधी बंद करा. ऐकू येतंय मला. वही उघडलीत, पहिली ओळ वाचायच्या आत तोंड वाकडं केलंत. चोवीस वर्षांच्या मुलीनं डायरी लिहायची तर निदान कुणाच्या तरी प्रेमात पडून लिहावी, असंच ना? मग ऐका, पडलेय. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या गुलाबी पट्टीच्या. भांडायचं असेल तर आधी ती कापा आणि मग या.

मी कापली. आज सकाळी, कात्रीनं, मधोमध. योगिनीताई नुसती बघत होती. योगिनीताई म्हणजे आमच्या बडोद्यातल्या, सुभानपुऱ्याच्या सोसायटीतली, समोरच्या ब्लॉकमधली. युनिव्हर्सिटीत संशोधन करते. सहा वर्षं या एकाच पट्टीच्या मागे लागलीय. मी दोन तुकडे हातात घेऊन उभी, जीव अर्धा. ती म्हणाली, "आता कडेला कड लाव आणि चहा पिऊन ये."

चहा प्यायले. दहा मिनिटं लागली असतील. परत येऊन ओढलं तर एकच पट्टी! खोडरबरासारखी ताणली, पण सुटली नाही.

"ताई, ही जिवंत आहे."

"जिवंत कसली, चिकट आहे. फक्त अभ्यास करून चिकट केलीय."

आणि हे तर काहीच नाही. पट्टीत एक रंग मिसळलाय. त्यावर निळा उजेड टाकला की तो लाल चमकतो, पण ऑक्सिजन त्याला चमकू देत नाही. साध्या हवेत पट्टी मंद, जवळजवळ विझलेली. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की लाल. ताईनं पट्टी काचेच्या बाटलीत ठेवली, आत नायट्रोजन सोडला, खोलीत अंधार केला आणि निळी टॉर्च मारली. डाळिंबाचा दाणा. बूच काढलं, विझला.

ही पट्टी कारखान्यात टाक्या साफ करायला आत उतरणाऱ्या लोकांच्या बाहीवर लागणार. बाजूला छोटा निळा दिवा. आत ऑक्सिजन कमी असला तर बाही लाल होईल आणि माणूस बाहेर पळेल. बाही मुडपते, घासते, तिला चिरा पडतात, म्हणून पट्टीला स्वतःची जखम स्वतः भरता यायला हवी.

आणि माझं काम? कामगारांसाठी माहितीपत्रक लिहायचं. गुजराती, हिंदी, मराठी. ताई म्हणाली, "तुझं ते नवं नवं काहीतरी लिहिणं यात घालू नकोस हं. साधं लिही."

घालणार नाही. सगळं या वहीत घालेन.

५ एप्रिल

आज फक्त क्रियापदं.

कापलं. जोडलं. दाबलं. थांबले. ओढलं. तुटलं नाही. नाचले. आई ओरडली. बसले.

८ एप्रिल

बाबांना दाखवली. ते जेवणाच्या टेबलावर मिक्सर उघडून बसले होते. सात वर्षांपूर्वी कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली, तेव्हापासून सोसायटीतले सगळे मिक्सर आमच्याकडे येतात. कंपनीत चौतीस वर्षं काढली. कंटाळा आला म्हणून सोडलं, असं आई सांगते. त्याच वर्षी दत्ताकाका गेले, बाबांचे जिवलग, प्लांटमधल्या अपघातात. सगळं एकदमच झालं. पण बाबा सावरले लवकर. त्यांचं तसं काही नसतं, मिक्सर, झाडं, टीव्ही.

मी कापाकापी केली, जुळवाजुळवी केली, जादूगारासारखे हातवारे केले. त्यांनी चष्मा वर केला.

"छान आहे. आणि बिघडली तर काय दिसतं?"

"बिघडत नाही बाबा! कापली तरी जुळते."

"ते नाही विचारलं मी. मेली तर कशी दिसते?"

"मेली तर... चमकणार नाही."

"आणि हवा चांगली असली तर?"

"तरीही चमकणार नाही."

"हं," म्हणाले, आणि मिक्सर तसाच उघडा टाकून झाडांना पाणी घालायला गेले. भर दुपारी दोन वाजता! झाडांना दुपारी पाणी घातलेलं मला चालत नाही म्हणून ओरडणारा माणूस.

मोठ्यांना नवं काही दाखवलं की असंच. आधी खोट शोधायची.

११ एप्रिल

माहितीपत्रकाची मधली ओळ जमली. तीन दिवस घासली.

*लाल नाही? मग बिनधास्त आत!*

खटका आहे की नाही? गुजरातीत तर आणखी मस्त बसते. ताईला आवडली, हसली. प्रिंट काढून टेबलावर ठेवलं होतं. बाबांनी वाचलं, परत वाचलं, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात टाकलं. पन्ह्याचा ग्लास तसाच राहिला.

"कशी आहे ओळ?"

"ओळ चांगली आहे."

एवढंच. त्यांच्या मनातलं मला माहितीये. समोरच्यांची मुलगी शास्त्रज्ञ आणि आपली ओळी घासते. बोलत नाहीत, पण दिसतं.

ताईच्या पेटीत सहा पट्ट्या आहेत, कार्डावर एक ते सहा नंबर घालून लावलेल्या. चार नंबरची मी उचलली. म्हणजे सांगूनच उचलणार होते, पण ताई फोनवर होती. कुर्त्याच्या बाहीवर लावली. ब्रोच घालतात तशी. शोभते.

१६ एप्रिल

पट्टी रोज माझ्याबरोबर. सकाळी स्कूटीवर कारेलीबागेत ट्यूशन घ्यायला, तिथून उन्हातच दांडिया बाजारात पद्माआत्याकडे, चार वाजता परत. बेचाळीस डिग्री. डांबर चिकटतंय चपलेला.

आत्याच्या दुकानात (पूजेचं सामान, कापूर, वाती) आज चक्क खेळ लावला. गिऱ्हाईकं थांबली. कापली, जोडली, आत्यानं मधे एका बाईला कुंकू मोजून दिलं, दुसरीला 'आवजो' म्हणत निरोप दिला, तोवर पट्टी एक.

"अगं बाई! परत दाखव."

परत दाखवली.

"आता आमच्या मिक्सरच्या वायरला असं काही कर की. तुझ्या बाबाला, रघुनाथला दिली की महिनाभर येत नाही परत."

एक आजोबा म्हणाले, "बेटा, आ तो बहु सरस. पण ती करते काय?"

"जुळते!" आत्याच म्हणाली माझ्या आधी.

अंधार नव्हता, निळी टॉर्च नव्हती, नायट्रोजन तर नाहीच. चमकणं कुणी बघितलं नाही, विचारलंही नाही. जुळण्यानंच सगळे खूश. मीसुद्धा.

२० एप्रिल

मोठी बातमी. उदयसिंहराव म्हणून एका कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर आहेत, ते हो म्हणाले! मी ताईबरोबर गेले होते. मिशा भारदस्त, केबिनमध्ये एसी आणि हातात तरी पुठ्ठ्याचा पंखा.

"हे बघा ताई, ऑक्सिजनचं मीटर तर गळ्यात राहणारच. तुमची पट्टी जोडीला. सहा मेला टाकी उघडतोय, एक माणूस, एक पट्टी. जमली तर पुढे सगळ्या शिफ्टला. नाही जमली तर माझ्याकडे दुसऱ्यांदा यायचं नाही. चालेल?"

"चालेल."

"चाय पिशो ने?"

ताई शांतपणे चहा प्यायली. बाहेर येऊन स्कूटीच्या सीटवर डोकं टेकून रडली. सीट तापलेली, कपाळ भाजलं, तरी हसत होती. सहा वर्षं! लोक तिला म्हणायचे, एवढं शिकून रबर वळतेस. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका गोष्टीवर टिकून राहणं मला जमलेलं नाही, मी तर एका कथेत तीनदा निवेदक बदलते.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "योगिनीला पुरणपोळीला बोलव." बाबांनी विचारलं, "कोण उतरणार आत?"

"असेल कुणीतरी कामगार."

"नाव काय?"

मला काय माहीत.

२७ एप्रिल

चार नंबर परत पेटीत लावली. नशीब, ताईनं मधे पेटी उघडलीच नाही. धुतली, पुसली. किती वेळा कापली असेल, चाळीस? एकही खूण नाही. कुणाला कळणारही नाही. हेच तर तिचं मोठेपण.

२९ एप्रिल

क्रमानं लिहिते.

सकाळी बाबा स्वतः ताईकडे गेले. सात वर्षांत ते कुणाच्या घरी आपणहून गेल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, "लावायच्या आधी एकदा माझ्यासमोर ओरडायला लाव त्या पट्ट्यांना."

"ओरडायला म्हणजे काका?"

"ज्या दिवशी वापरायचं यंत्र, त्या दिवशी त्याच्याकडून आधी धोका वदवून घ्यायचा. खोटा धोका दाखवायचा आणि ते ओरडतं का बघायचं. मगच गळ्यात."

ताई म्हणाली, "घ्या की काका, मला तर आनंदच आहे." दुपारी पेटी आणि नायट्रोजन भरलेली पारदर्शक पिशवी घेऊन आली. आमच्या घरात पूर्ण अंधार फक्त न्हाणीघरात होतो. झरोक्याला टॉवेल लावला. आत ताई, बाबा, मी, आणि दारातून डोकावणारी आई: "माझी बादली सांभाळा." ताईनं कार्ड पिशवीत सरकवलं आणि निळी टॉर्च लावली.

एक, लाल. दोन, लाल. तीन, लाल. पाच, सहा, लाल.

चार काळी.

ताईनं पिशवी हलवली. टॉर्च जवळ नेली. चार काळीच. तुळतुळीत, अखंड, एक चीर नाही, आणि काळी.

मग बाबांचा आवाज आला, त्यांचा वाटेना. "हीच. सहापैकी हीच त्याच्या बाहीवर आली असती. आणि हिनं त्याला सांगितलं असतं, हवा चांगली आहे, जा."

ताईनं टॉवेल काढला. उजेडात तिचा चेहरा बघवेना. तिथंच, नळाला टेकून, तिनं उदयसिंहरावांना फोन लावला. "साहेब, सहा तारखेचं रद्द करा. माझी पट्टी मरते आणि मेल्याचं सांगत नाही. का मरते ते मला माहीत नाही."

'का मरते ते मला माहीत नाही' असं म्हणाली. स्पष्ट. कुणी विचारलं नसताना. एवढं तिचं असताना.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

३० एप्रिल

बोलले नाही.

१ मे

बोलले.

सकाळी ताईकडे गेले, तर खाटेवर सहा वर्षांच्या वह्या पसरून बसलेली. कुठल्या बॅचमध्ये काय चुकलं ते शोधत होती. दोन दिवस शोधत होती! मी दारातूनच म्हटलं, "चार नंबर मी नेली होती. सोळा दिवस. बाहीला लावून फिरले. न सांगता."

मी मनात तयार होते. ओरडेल, दार लावेल, आईला सांगेल. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"उन्हात?"

"हो."

"किती वाजता ते किती?"

"दहा ते चार. मधे ट्यूशन आणि आत्याकडे तासभर, तेवढं सावलीत."

"उजवी बाही की डावी?"

"डावी. ताई, तुला राग..."

"राग नंतर. आधी सांग, किती वेळा कापलीस?"

"चाळीस. जास्तच."

लिहून घेतलं. मग पेन ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "सहा वर्षं मी हिला ट्यूबलाइटखाली तपासली, आभा. ट्यूबलाइटखाली! बडोद्यात राहून. उन्हानं रंग मेला. रबर जुळत राहिलं आणि आतला रंग मेला, आणि मी रबराकडे बघून खूश." मग राग आला. चांगला आला. "अक्कल आहे का तुला? विचारून न्यायची ना! चोरटी कुठली!" मग म्हणाली, "गच्चीवर ये. वीस पट्ट्या लावायच्यात उन्हात. आणि काकांनाही बोलव, त्यांना ओरडायला लावता येतं."

बाबा आले. गच्चीच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. मी त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, माझं माहितीपत्रक. घड्यांवर फाटायला आलेलं. रोज खिशात होतं की काय?

मला नाही, ताईला सांगितलं त्यांनी. "दत्ताच्या गळ्यातलं मीटर गप्प होतं. टाकीत नायट्रोजन. त्याला वास नाही, गुदमरत नाही, माणूस दोन श्वासांत खाली बसतो. मॅनहोलपाशी, टाकीच्या तोंडावर, मी होतो. उशीर झाला होता म्हणून त्या दिवशी मीटर ओरडवून बघितलं नाही. तो म्हणाला, रघू, शांत आहे, जातो. मी म्हटलं, जा." कागदावर बोट ठेवलं. "आत जायच्या परवान्यावर माझी सही आहे."

*लाल नाही? मग बिनधास्त आत!*

ताईनं नुसतं त्यांच्या हातातून कागद घेतला.

मी खाली आले. आईला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती कैऱ्या फोडत होती. "सात वर्षं दुपारी झोपलेलं बघितलंस का तू त्यांना?" म्हणाली, आणि फोडत राहिली.

३ मे

आज बाबा ओरडले! म्हणजे चांगलं ओरडले, पूर्वी प्लांटवरून फोनवर ओरडायचे तसे.

झालं काय, ताई म्हणत होती, रंगावर ऊन अडवणारा थर देते, मग दोन महिने टिकेल. बाबा म्हणाले, "दोन महिने कुणी मोजायचे? माणूस मोजणार नाही. रोज सकाळी वदवून घ्यायचं. सोपं करा, नाहीतर कुणी करणार नाही. नायट्रोजनच्या पिशव्या घेऊन कोण बसणार?"

ताई पळत घरी गेली आणि मूठभर छोट्या पुड्या घेऊन आली. आत लोखंडाची भुकटी. बंद डब्यात ठेवली की ती गंजता गंजता डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकते. "काका, बंद डबा. काम झालं की पट्ट्या यात. सकाळपर्यंत ऑक्सिजन संपतो. उघडायच्या आधी निळी टॉर्च मारायची. लाल असेल ती जिवंत. काळी असेल ती कचऱ्यात."

"डबा नको, दिसलं पाहिजे. सुनीती, बरणी दे!"

"लोणचं घालायचंय मला!" आई आतून.

"लोणचं पुढच्या वर्षी!"

काचेची, रबराच्या कडीची, पाच किलोची बरणी. आईनं दिली, पण दोनदा घासून, वर "वास राहिला तर मला सांगू नका." पट्ट्या आत. ऊनही लागत नाही, तपासणीही होते.

चार तारखेला सकाळी साडेसहाला आम्ही चौघं बरणीभोवती उकिडवे. बाबांनी टॉर्च मारली आणि बरणीभर लाल. मग बाबांनी झाकण उघडलं. एक एक करत सगळ्या विझल्या, कारण हवा आली. आई "अगोबाई" म्हणाली. बाबांनी झाकण धरून ठेवलं होतं आणि त्या विझण्याकडे ते इतका वेळ बघत होते की शेवटी ताईनंच झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं.

(तारीख चुकलीय वर, चारचं तीनमध्ये लिहिलं. असू दे.)

६ मे

ताईनं उदयसिंहरावांना परत फोन केला. दुसऱ्यांदा यायचं नाही म्हणाले होते, तरी केला. स्पीकरवर.

"साहेब, का मरते ते कळलं. उन्हानं. अजूनही मरेल. पण आता मेलेली आत जाणार नाही." बरणी समजावली.

पलीकडे पुठ्ठ्याचा पंखा थांबला. "ताई, वस्तू विकायला येणारे मला त्यांची वस्तू मरत नाही असंच सांगतात. तुम्ही पहिल्या. टाकी मी आठवडाभर पुढे ढकललीय तशीही, पंप आला नाही. पण सकाळी ती बरणी बघणार कोण? माझे लोक दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी सही करून मोकळे."

बाबा पुढे झाले. "मी बघतो. शिकवून होईपर्यंत रोज येतो."

"आपण कोण?"

"रघुनाथ." मग जुन्या कंपनीचं नाव आणि किती वर्षं ते सांगितलं.

"त्या अपघातातले रघुनाथराव?"

"हो."

"मॅनहोलपाशी उभे राहाल?"

आईचा हात भांड्यावर थांबला.

"राहीन," बाबा म्हणाले. "आत कोण उतरणार, त्याचं नाव सांगा."

नाव फत्तेसिंहराव. वय सत्तावीस. बाबांनी चार घड्यांच्या कागदामागे लिहून घेतलं.

१० मे

माहितीपत्रक परत लिहिलं. नऊ खर्डे. खटका नाही, खेळ नाही.

*बरणीत लाल म्हणजे पट्टी जिवंत. टाकीत लाल म्हणजे बाहेर पळ.*
*लाल दिसल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.*

बाबांना दिलं. वाचून म्हणाले, "पेन दे." दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक शब्द घातला. *आज.*

"काल दिसलं होतं म्हणतात लोक," ते म्हणाले.

चार वर्षं मी लिहितेय. माझ्या ओळीत एवढ्या कामाचा शब्द कुणी घातला नव्हता.

१३ मे

सव्वासहा. बरणी टेबलावर. टॉर्च बाबांच्या हातात, बूट पॉलिश केलेले. पाच पट्ट्या लाल. सहावी काळी, माझी चार नंबर. ती मुद्दाम ठेवलीय, बाबांच्या सांगण्यावरून, रोज सगळ्यांना दाखवायला की मेलेली कशी दिसते. त्यांनी पाचही मोजल्या, मग परत मोजल्या. मग झाकण न उघडताच बरणी आईच्या जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळली. फत्तेसिंहरावांच्या डोळ्यांसमोरच उघडायची म्हणाले.

योगिनीताई पुढे गेलीय. माझ्या स्कूटीवर मागे बाबा बसणार, मांडीवर बरणी. आईनं डबा दिला आणि नॅपकिनची गाठ स्वतः परत आवळली.

मला माहितीये तुम्ही काय विचारणार. आत गेल्यावर काय होईल, पट्टी चालेल का, बाबा मॅनहोलपाशी उभे राहू शकतील का. मला माहीत नाही. आज लाल दिसलीय, तेवढं मला माहितीये. बाकीचं विचारू नका. खाली बाबा हॉर्न वाजवतायत, सात वर्षांत मी त्यांना कधी घाई करताना पाहिलं नाही, आणि हेल्मेट माझ्याकडे आहे. चला, मी निघाले.